गोरी, गव्हाळ, काळी: ऊन कोणाला काय करतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तिघांचे तीन वर्ण. पत्नी खूप गोरी. थोडा वेळ उन्हात गेली तरी लाल होते आणि दोन-चार दिवसांनी साल निघते. प्रश्न विचारणारे स्वतः गव्हाळ. पोळत नाहीत, पण पटकन रापतात, आणि गालांवर तपकिरी डाग आहेत. वडील काळेसावळे, सत्तरीतले, ‘काळ्या कातडीला ऊन बाधत नाही’ यावर ठाम. तिघांनाही सनस्क्रीन लागतं का, थोडा टॅन तब्येतीला चांगला असतो का, चढलेला टॅन काढायचा कसा आणि व्हिटॅमिन डीचं काय? शेवटी जाता जाता एक ओळ: वडिलांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखात काही महिन्यांपासून एक काळी रेघ दिसते, तीही उन्हामुळेच का?

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल. ही रेघ मात्र याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. घाबरवण्यासाठी सांगत नाही. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांच्या नखांत उभ्या तपकिरी रेघा असणं अगदी सर्रास आढळतं. चार-पाच बोटांना असतील, वर्षानुवर्षं तेवढ्याच असतील, तर त्यांच्याकडे बघून आम्ही मान डोलावतो आणि पुढे जातो. पण एकाच बोटाला, उतारवयात, नव्याने उमटलेली रेघ वेगळी. ती ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, मुळाशी जास्त रुंद आणि टोकाकडे निमुळती असेल, किंवा तिचा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर नखाखालचा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग नाही ना, हे बघावंच लागतं. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. रेघ तशी सरकत नाही. मात्र पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे ‘सरकतंय का बघू’ म्हणून घरी बसू नका.

आणि हो, ती रेघ उन्हामुळे नाही. तळवे, तळपाय आणि नखं इथे होणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशी संबंध जवळजवळ नाहीच. बॉब मार्ले या गायकाच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली १९७७ मध्ये असाच मेलॅनोमा सापडला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो त्यातच गेला. काळ्या वर्णात मेलॅनोमा एकूण खूपच कमी होतो, पण जो होतो त्यातला मोठा वाटा अशा जागांचा असतो. तिथे कोणी बघत नाही, म्हणून तो उशिरा सापडतो, आणि उशिरा सापडतो म्हणून जास्त जीव घेतो. वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चुकलेला अर्धा भाग हा.

आता वर्णांकडे वळू. टॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरवले, तेव्हा त्याच्यासमोर प्रश्न होता सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांना अतिनील किरणांचा उपचार देताना किती मात्रेपासून सुरुवात करायची. केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून अंदाज बांधला की काही रुग्ण पोळायचे. म्हणून त्याने माणसांना दोनच गोष्टी विचारल्या: पहिल्यांदा उन्हात गेल्यावर पोळतं का, आणि नंतर रापतं का? सुरुवातीचे चार प्रकार गोऱ्या त्वचेपुरते होते. तपकिरी आणि काळ्या वर्णांसाठी पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडला. तुमची पत्नी पहिल्या-दुसऱ्या प्रकारात, तुम्ही चौथ्यात, वडील पाचव्या-सहाव्यात. ढोबळ आहे, पण आरशात दिसणाऱ्या रंगापेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी. गोरे दिसणारे पण न पोळणारे लोक असतात आणि गव्हाळ दिसणारे पण हमखास पोळणारेही असतात.

रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या वर्णांत साधारण सारखीच असते, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. फरक त्यांच्या कामात असतो. काळ्या त्वचेत मेलॅनिनचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचे कण मोठे, सुटेसुटे आणि त्वचेच्या वरच्या थरांपर्यंत टिकणारे. गोऱ्या त्वचेत लहान, झुबक्यांनी असलेले आणि लवकर विरघळणारे. हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे येऊन बसतात आणि खालचा डीएनए झाकतात. १९७९ मध्ये त्वचेचे नमुने घेऊन प्रत्यक्ष मोजमाप झालं. गोऱ्या बाह्यत्वचेतून (त्वचेच्या वरच्या थरातून) सुमारे २४ टक्के यूव्हीबी, म्हणजे पोळवणारे अतिनील किरण आरपार गेले, काळ्या बाह्यत्वचेतून साडेसात टक्क्यांच्या आत. सनस्क्रीनच्या भाषेत सांगायचं तर काळ्या बाह्यत्वचेचा अंगचा एसपीएफ (पोळण्यापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) सुमारे १३ आणि गोरीचा ३ ते ४. चौपट फरक मोठाच, पण १३ म्हणजे चिलखत नव्हे. शिवाय त्याच मोजमापात काळ्या बाह्यत्वचेतूनही सुमारे १७ टक्के यूव्हीए, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण आत गेले होते.

टॅनबद्दल माझं मत ठाम आहे: रापणं ही इजा झाल्याची पोचपावती आहे. किरणांनी पेशीच्या डीएनएत चुकीचे सांधे तयार होतात. ते ओळखून पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं, एक संप्रेरक सुटतं, ते रंगपेशीपर्यंत जातं आणि मेलॅनिनची निर्मिती वाढते. म्हणून यूव्हीबीचा टॅन दोन-तीन दिवसांनी चढतो. आधी नुकसान, मग रंग. तिसऱ्या प्रहरी फिरून आल्यावर लगेच दिसणारा करडा-तपकिरी रंग वेगळा असतो. तो यूव्हीएमुळे, आधीच असलेल्या मेलॅनिनमध्ये बदल होऊन येतो, काही तासांत फिका पडतो आणि संरक्षण म्हणाल तर जवळजवळ शून्य. चांगला मुरलेला टॅनसुद्धा फार तर एसपीएफ ३-४ एवढं काम करतो. ‘सुट्टीला जाण्याआधी थोडा टॅन चढवून घ्यावा, म्हणजे पोळणार नाही’ हा हिशेब त्यामुळे जुळत नाही. जेवढं वाचवायचं त्याहून जास्त आधीच खर्च होतं. टॅनिंगच्या दिव्यांखाली झोपणं तर सोडूनच द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ती यंत्रं तंबाखूच्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातली. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंदच केला. तपकिरी रंगाचीच हौस असेल तर डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोनचं सेल्फ टॅनर लावावं. ते त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थराला रंगवतं, आठवड्याभरात उतरतं. ऊन मात्र अडवत नाही.

तुमच्या पत्नीसाठी माझा सल्ला सगळ्यात कडक. लाल होऊन साल निघणं ही ‘नाजूक त्वचा’ म्हणून हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, विशेषतः लहानपणी असं अनेकदा झालं असेल तर. अशा त्वचेत चेहऱ्यावर, कानांवर, मानेवर आणि हातांच्या पाठीवर कर्करोग होण्याची शक्यता खरीखुरी असते. सनस्क्रीनने खरंच फरक पडतो का, या शंकेवर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, नॅम्बर नावाच्या गावात १९९२ पासून केलेला प्रयोग मला सगळ्यात पटतो. सुमारे सोळाशे लोकांपैकी अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस पेशींचे (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचे) कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि त्वचा म्हातारी होण्याचा वेगही २४ टक्क्यांनी कमी भरला. तुमच्या पत्नीने वर्षातून एकदा सगळं अंग तपासून घ्यावं. तिळांपैकी एखादा बाकीच्यांहून वेगळा दिसत असेल, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन-तीन, आकार बदलता, तर एक दिवसही थांबायचं नाही.

तुमचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे आणि गव्हाळ वर्णाचे लोक मला बहुतेक यासाठीच भेटतात. गालांवरचे ते तपकिरी डाग वांग असावेत. न बघता मी खात्रीने सांगणार नाही, पण जागा आणि वर्ण जुळतात. बायकांना जास्त होतो म्हणून पुरुष तो अंगावर काढतात. तुमच्या वर्णात ऊन कर्करोगापेक्षा डागांच्या रूपाने वसुली करतं. पुरळ बरं झाल्यावर उरलेला डाग, जुना ओरखडा, वॅक्सिंगने भाजलेली जागा, सगळं उन्हात गडद होतं आणि महिनोन्‌महिने जात नाही.

‘मी ५० एसपीएफ लावतो तरी वांग वाढतोच’ ही तक्रार तुमच्याही मनात असेल. कारण एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे पोळण्याचा आहे. वांगाला यूव्हीए पुरतात, आणि डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही. २०१० मध्ये हे नीट दाखवलं गेलं: चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेवर फक्त दृश्य प्रकाश टाकला तर ती गडद झाली आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहिली; दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर काहीच झालं नाही. पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश जवळपास अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं. म्हणून तुमच्यासाठी टिंटेड सनस्क्रीन ही चैन नाही, तेच औषध आहे. वरून चेहरा पांढुरका भुताटकीसारखाही दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर सावळे लोक सनस्क्रीन सोडून देतात ते बऱ्याचदा याच कारणाने. डब्यावर एसपीएफच्या जोडीला पीए (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) आणि त्यापुढे तीन-चार अधिकची चिन्हं किंवा वर्तुळात यूव्हीए असं लिहिलेलं बघा.

खिडकीशेजारी बसून काम करत असाल तर तेही लक्षात घ्या. साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं मालमोटार चालवलेल्या एका माणसाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी लोंबलेला, दुसरा अर्धा बराच तरुण. तोच माणूस, तेच वय. वाहनाची समोरची काच दुपदरी असल्याने यूव्हीए बरेच अडवते, बाजूच्या काचा बहुधा नाही.

आता वडील. त्यांना तुमच्या पत्नीसारखं दर दोन तासांनी सनस्क्रीन चोपडायला मी लावणार नाही. काळ्या त्वचेत सनस्क्रीनने त्वचेचा कर्करोग टळतो याचा भरभक्कम पुरावा आज नाही, आणि आहे असं भासवून बाटल्या विकणं मला पटत नाही. डाग किंवा वांग असेल तर लावावं, तासन्‌तास उघड्यावर काम असेल तर लावावं. एरवी टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भर दुपारी सावली पुरते. मात्र काळी त्वचा पोळते, फक्त लाल दिसत नाही. हात लावला की गरम लागते, ताणल्यासारखी होते, ठणकते, चार दिवसांनी साल निघते. लाली दिसली नाही म्हणून पोळलं नाही, असं डॉक्टरांकडूनही धरलं जातं. वडिलांकडे मी ऊन सोडून दुसऱ्या गोष्टी विचारते. एखादी जखम महिनोन्‌महिने भरत नाही असं आहे का? जुन्या भाजलेल्या व्रणावर कुठे कडक गाठ आली आहे का? काळ्या वर्णात स्क्वॅमस पेशींचा कर्करोग बऱ्याचदा अशा जागी होतो, उघड्या चेहऱ्यावर नव्हे. आणि त्यांच्या औषधांची यादी बघा. रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, यांनी कोणत्याही वर्णाची त्वचा उन्हाला हळवी होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.

याला एक अपवाद आहे. कोड असेल तर माणसाचा वर्ण कोणताही असो, पांढऱ्या चट्ट्यांच्या जागी पहिल्या प्रकारची त्वचा समजूनच वागायचं. जन्मजात वर्णहीनता असलेल्या माणसाला तर आयुष्यभर, अगदी लहानपणापासून, पूर्ण संरक्षण हवं; काळ्या आईबापांचं मूल आहे म्हणून सूट नाही.

सनस्क्रीन वापरण्याबद्दल जास्त लांबण लावत नाही. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देतात. लोक लावतात त्याच्या पाव ते निम्मा. त्यामुळे ५० लिहिलेल्या बाटलीतून ५० मिळत नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० सुमारे ९८. कागदावर फरक किरकोळ, पण आपण कमी लावतो हे धरून मी ५० सांगते. १०० च्या मागे लागू नका. घाम आला, पोहून आलात, टॉवेलने पुसलंत की पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि कपडे. कपडा दाट विणीचा आणि गडद असेल तर बहुतेक क्रीमपेक्षा भरवशाचा. पातळ पांढरा सुती सदरा, तोही ओला झालेला, फारसं काही अडवत नाही. हवामानाच्या अ‍ॅपवर यूव्ही इंडेक्स दिसतो. तो ३ किंवा वर असेल तर संरक्षण, ८ च्या वर असेल तर गोऱ्या माणसाने दुपारी बाहेर पडूच नये. ढगाळ हवा फसवते; पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली येतात. उंची वाढली की दर हजार मीटरला ते सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून बर्फात हनुवटीखालीही पोळतं.

टॅन काढायचा कसा, यावर लोकांना आवडणारं उत्तर माझ्याकडे नाही. बाह्यत्वचा चार ते सहा आठवड्यांत बदलते. नवं ऊन लागू दिलं नाही तर साधा टॅन काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप उतरतो. कोणतंही ‘डी-टॅन’ त्याहून फार काही करत नाही. खरवडून काढणारी उटणी आणि स्क्रब गव्हाळ त्वचेला उलट नवे डाग देतात. लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणं तर सरळ धोक्याचं. लिंबाच्या सालीत सोरालेन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर यूव्हीए पडले की फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे ओघळ राहतात.

खरा राग मला येतो तो गोरं करणाऱ्या क्रीमचा. उन्हाने तुमच्या त्वचेचं जेवढं बिघडतं, त्याहून जास्त बिघाड या ट्यूबांनी होताना मी रोज बघते. बऱ्याचशा मिश्रणांत जोरदार स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, केस उगवतात, आणि क्रीम बंद केलं की आग होते म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडं खराब करतो. हायड्रोक्विनोन हे वांगाचं चांगलं औषध आहे, पण देखरेखीखाली आणि ठरावीक काळच; वर्षानुवर्षं लावलं तर कातडी निळसर-काळी पडते आणि ते डाग काढणं वांगापेक्षा अवघड. डब्यावर घटक छापलेले नसतील तर ते क्रीम चेहऱ्यावर जाता कामा नये, कोणीही दिलं असलं तरी.

राहिलं व्हिटॅमिन डी. ते त्वचेत यूव्हीबीपासूनच बनतं, यूव्हीएपासून नाही. त्यामुळे काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात बसून उपयोग नाही, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हाचं जे कौतुक चालतं त्यातही फारसा अर्थ नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना ओझोनमधून लांब तिरका प्रवास करावा लागतो, यूव्हीबी वाटेतच संपतात, खाली पोचतात ते बहुतेक यूव्हीए. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर व्हिटॅमिन डी अगदीच थोडं बनतंय असं समजा. तुमच्या पत्नीला हातपाय उघडे ठेवून काही मिनिटं पुरतात. ती लाल होईपर्यंत थांबली म्हणून जास्त मिळत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादाचा कच्चा माल निरुपयोगी रूपात बदलून टाकते. वडिलांना तेवढ्यासाठी कित्येक पट वेळ लागतो. वर्ण काळा आणि वय सत्तर, दोन्ही विरुद्ध बाजूला. म्हातारपणी त्वचेतला तो कच्चा मालच घटतो. त्यांना उन्हात बसवून ही कमतरता भरून काढायचा खटाटोप मी करणार नाही. नखाची रेघ दाखवायला जाल तेव्हा त्यांची २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची तपासणी करून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी द्या. मात्रा मनाने वाढवू नका. उन्हातून व्हिटॅमिन डीचं विष होत नाही, पण गोळ्यांतून होतं, आणि तेव्हा रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येतं.